विरोधी पक्षनेतेपद आणि दहा टक्क्यांचा संकेत : महाराष्ट्र विधानसभेच्या संदर्भात एक चिकित्सा

नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत २८८ जागांपैकी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षास २०, काँग्रेसला १६ व राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षास १० जागा मिळाल्या. २९ सदस्यांचा टप्पा विरोधातील एकाही पक्षाला गाठता आला नाही. मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांचे नाव अध्यक्षांकडे देण्यात आले. तरी त्या वर्षीची अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशने विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविनाच पार पडली. दहा टक्के संख्याबळाखेरीज हे पद देता येत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो कायद्याच्या व इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

दहा टक्क्यांच्या संकेताचे मूळ लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या काळात सापडते. सभागृहाची गणपूर्ती स्वबळावर करू शकेल अशा गटासच संसदीय पक्ष म्हणून मान्यता द्यावी, असा त्यामागील विचार होता. पक्षाची मान्यता आणि विरोधी पक्षनेत्याची मान्यता या दोन भिन्न बाबी होत, याचा मात्र पुढे सोयीस्कर विसर पडला. महाराष्ट्रातील विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन व भत्त्यांसंबंधीच्या १९७८ च्या अधिनियमात विरोधातील सर्वाधिक संख्याबळाचा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढेच निकष आहेत. टक्केवारीचा उल्लेख नाही.

विधानसभेचा पूर्वेतिहासही हेच सांगतो. १९७२ मध्ये २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे होत्या आणि शेतकरी कामगार पक्षाचे केवळ ७ सदस्य निवडून आले होते; तरी त्या पक्षाचे दिनकर बाळू पाटील विरोधी पक्षनेते झाले. हे उदाहरण अधिनियमापूर्वीचे, असा आक्षेप घेता येईल. परंतु १९८६ च्या अखेरीस शरद पवार यांचा पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाल्यावर हे पद जनता पक्षाचे निहाल अहमद यांच्याकडे आले. १९८५ च्या निवडणुकीत जनता पक्षाला जागा मिळाल्या होत्या २०, म्हणजे २०२४ मधील ठाकरे यांच्या पक्षाइतक्याच. दिल्लीत २०१५ मध्ये ७० पैकी ३ जागा मिळविणाऱ्या भाजपलाही हे पद देण्यात आले होते.

या पदाचा संबंध केवळ मंत्र्याच्या दर्जाशी नाही. राज्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीत विधानसभेतील विरोधी पक्षनेता असतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मान्यताप्राप्त नेता नसल्यास विरोधातील सर्वांत मोठ्या गटाच्या नेत्यास तो मानावे, अशी तरतूद करून ठेवली आहे. एका समितीपुरती जी दृष्टी संसदेने दाखविली, ती १९७८ च्या अधिनियमात आणण्यास अडचण कोणती? अध्यक्षांच्या स्वेच्छाधिकाराला कालमर्यादा घातली तरी पुष्कळ साधेल.

जागांच्या संख्येवरून विरोधाचे वजन ठरविणे किती फसवे आहे, हे मतांच्या आकड्यांतून दिसते. काँग्रेस व शिंदे यांची शिवसेना यांना प्रत्येकी सुमारे १२.४ टक्के मते मिळाली. जागा मात्र अनुक्रमे १६ व ५७. लढविलेल्या जागांची संख्या वेगवेगळी होती हे खरे, पण त्याने एवढ्या तफावतीचे समाधान होत नाही.

दोष सत्तापक्षाचाच आहे, असेही नव्हे. १९८६ नंतर जनता पक्ष व शेतकरी कामगार पक्ष यांनी हे पद आळीपाळीने सांभाळले. निहाल अहमद यांच्यानंतर दत्ता पाटील, मृणाल गोरे यांनी ते भूषविले. त्या काळी छोट्या पक्षांना जमलेली ही तडजोड २०२४ नंतरच्या तीन मोठ्या पक्षांनी एकमुखाने, लेखी स्वरूपात सभागृहासमोर ठेवली असती, तर संख्याबळाच्या युक्तिवादाला त्याच सभागृहाच्या दाखल्याने उत्तर मिळाले असते.