कथानक, आशय आणि ‘तात्पर्य’

कथा शिकवून झाली की ‘यावरून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न आपल्या शाळांतून हमखास विचारला जातो. ‘श्यामची आई’मधील पोहण्याच्या प्रसंगावर पुण्यातील एका मुलाने लिहिलेले उत्तर आमच्या पाहण्यात आले. ‘प्रत्येकाने पोहायला शिकावे,’ एवढेच त्यात होते. उत्तर चुकीचे नाही. पण त्यात कथा कोठे आहे?

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आश्रमातील सोबत्यांना श्यामने बेचाळीस रात्री सांगितलेल्या या आठवणी. त्यांतील हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. पाण्याच्या भीतीने श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते व पोहायला धाडते. तो परतल्यावर तीच आई त्याला आवडते दही देते आणि आपल्या मारामागचे दुःख उघड करते.

घटनांची ही नुसती यादी म्हणजे कथानक नव्हे. श्याम लपला, कारण तो भ्याला. आईने मारले, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सोसवेना. हे ‘कारण’ सापडले की घटनांचे कथानक होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली नेमका हाच भेद मांडला होता.

आता आशय. मुलांना एक साधा प्रयोग करायला सांगावा : शेवटचे दही कथेतून काढून टाका. ‘धीट व्हा’ हे तात्पर्य जसेच्या तसे उरते. कथा मात्र निव्वळ शिक्षेची होते. म्हणजे आशय त्या दह्यापाशी आहे. मायेलाही कधी कठोर व्हावे लागते आणि त्या कठोरपणाची वेदना प्रथम तिलाच होते, हे कथा सांगते. तात्पर्य आपण काय करावे ते सांगते. आशय माणूस कसा आहे ते दाखवतो.

या गोंधळाचा थोडा दोष पुस्तकाकडेही जातो, हे आम्ही आदरपूर्वक नमूद करतो. गुरुजी मूळचे शिक्षक. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी अध्यापन केले होते. शिकवण शब्दांत सांगून टाकण्याचा मोह त्यांना अनेकदा आवरत नाही. मग वाचक तयार बोध उचलतो आणि प्रसंग मागे राहतो. तरीही पुस्तक टिकले आहे ते उपदेशामुळे नव्हे, तर दह्यासारख्या तपशिलांमुळे, असे आमचे मत आहे.

व्यासपीठावरून बोलणारे आम्हीही या दोषापासून मुक्त नाही. उधळ्या पुत्राचा दाखला सांगताना आम्ही धाकट्याच्या पश्चात्तापाशीच थांबतो. अंगणात रुसून उभा असलेला थोरला भाऊ श्रोत्यांना क्वचितच दाखवतो. तो आत गेला की नाही, हे दाखल्यात सांगितलेलेच नाही. त्या मौनात केवढा आशय आहे!

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. सायंप्रार्थनेनंतर मुलांना एखादी गोष्ट वाचून दाखवावी. बोध विचारू नये. ‘असे का घडले?’ आणि ‘काय काढले तर गोष्ट मरेल?’ एवढेच विचारावे, आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. बोधाचे घोटलेले वाक्य परीक्षेबरोबर विसरले जाते. स्वतः शोधलेला आशय मात्र मुलाला पुढच्या पुस्तकाकडे नेतो, आणि कदाचित घरातल्या माणसांकडेही.