‘कोवळी पानगळ’ आणि तीन नोंदवह्या : एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणारा रस्ता वलगाव येथे पेढी नदी ओलांडतो आणि पुढे मेळघाटच्या पायथ्याशी पोहोचतो. २० डिसेंबर १९५६ रोजी याच वलगाव परिसरात संत गाडगेबाबांचे निर्वाण झाले. त्यांच्या दशसूत्रीत रोग्याला औषधोपचार हे एक सूत्र आहे. त्याच्या अवतीभवती अन्न, पाणी, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि रोजगार ही सूत्रे येतात. आरोग्य या साऱ्यांपासून वेगळे काढता येत नाही, हा विचार या मांडणीतच अनुस्यूत आहे. शासनव्यवस्थेत मात्र याच बाबी निरनिराळ्या विभागांत विभागल्या गेल्या व त्यांच्या नोंदीही वेगळ्या झाल्या. या विभागणीची किंमत किती मोठी असू शकते, याचा विचार करण्यास डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ (२००१) या अहवालाने महाराष्ट्राला भाग पाडले. प्रस्तुत लेखात त्या अहवालाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार करावयाचा आहे.

अहवालाचे सामर्थ्य

राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या कार्यक्षेत्रात घरोघरी जाऊन जन्म व बालमृत्यू यांची नोंद केली. त्या आधारे महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके मृत्यू पावत असावीत, असा अंदाज अहवालाने मांडला. शासकीय नोंदींतील संख्या त्याहून बरीच कमी होती. अहवालाचे खरे बळ या तफावतीच्या दर्शनात आहे. त्यापूर्वी बालमृत्यू हा प्रामुख्याने वैद्यकीय प्रश्न मानला जात असे. या अहवालाने तो नोंदींच्या प्रामाणिकतेचा, म्हणून लोकशाहीचाही प्रश्न ठरविला. पुढे शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. संशोधनपर लेखनाला असा प्रतिसाद क्वचितच मिळतो.

शीर्षकातील प्रतिमाही विचारात घेण्याजोगी आहे. पानगळ हा निसर्गक्रम होय. परंतु गळते ते पिकले पान. ‘कोवळी’ या एका विशेषणाने निसर्गक्रमातील विपरीतता सूचित होते. तथापि, याच प्रतिमेत एक उणीवही आहे. पान गळते तेव्हा कोणी कर्ता नसतो. बालकाच्या मृत्यूमागे मात्र न झालेली गृहभेट, न मिळालेला आहार, बुडालेली मजुरी अशी कर्तृत्वाची व अकर्तृत्वाची साखळी असते. प्रतिमा करुणा जागविते, उत्तरदायित्व निश्चित करीत नाही.

मेळघाटचा अनुभव

ही मर्यादा मेळघाटात विशेष जाणवते. एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा देशात १९७५ मध्ये प्रारंभ झाला, तेव्हा महाराष्ट्रातील आरंभीच्या प्रकल्पांत धारणीचा समावेश होता. तरीही १९९३ मध्ये येथील कुपोषित बालकांचे मृत्यू राज्यभर चर्चेचा विषय झाले. तेव्हापासून एक वाद पुनःपुन्हा उद्भवतो : मृत्यू कुपोषणाने झाला की आजाराने?

या वादाचे मूळ नोंदवह्यांच्या रचनेत आहे. आरोग्यसेविकेच्या नोंदीत मृत्यूचे कारण न्यूमोनिया असते. अंगणवाडीच्या नोंदीत त्याच बालकाचे घसरते वजन असते. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत केवळ दिनांक असतो, आणि कधी तोही नसतो. कुटुंब मजुरीसाठी बाहेरगावी गेले होते, ही बाब तिन्ही ठिकाणी सुटू शकते. प्रत्येक नोंद आपापल्या परीने खरी असूनही एकूण चित्र असत्य ठरते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तर हा वादच निरर्थक होय; कारण जगभरातील पाच वर्षांखालील मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध जोडला गेला आहे. कुपोषण बालकाला दुर्बल करते, आजार त्याचा बळी घेतो. नोंदी विभक्त असल्या म्हणजे प्रत्येक विभागाला जबाबदारी दुसऱ्याकडे सरकविता येते.

जोडणीचे दोन अर्थ

यावर आज सुचविला जाणारा उपाय म्हणजे माहितीची अंकीय जोडणी. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन यांचा देशव्यापी प्रारंभ झाला. त्यानंतर स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी प्रणाली राज्याच्या महिला व बालविकास विभागाने अमरावतीसह काही जिल्ह्यांत प्रथम राबविली. वीटभट्टीवर गेलेले बालक मुक्कामाच्या गावातील अंगणवाडीला कळावे, हा तिचा हेतू स्वागतार्ह आहे.

परंतु संगणकातील जोडणी व सेवेतील जोडणी एकच नव्हेत. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचा नवजात बालसेवेचा प्रयोग येथे उद्‌बोधक ठरतो. प्रशिक्षित ग्रामीण स्त्री घरी जाऊन बाळाचे वजन घेई, नोंद करी आणि गरज भासल्यास उपचारही करी. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून आशांमार्फत गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला. या यशाचे मर्म असे की, नोंद करणारा हात आणि उपचार करणारा हात एकच होता. माहिती वर पाठविण्यापूर्वी ती जागेवरच उपयोगात येत होती.

याउलट, अधिक कुपोषित बालके नोंदविणाऱ्या सेविकेला खुलासा विचारला जात असेल, तर कोणतीही प्रणाली सत्य सांगणार नाही. ती असत्य अधिक वेगाने वर पोहोचवील. शिवाय आजार, जमात, शिधा व मजुरी यांची माहिती एकत्र आली की तिचा उपयोग लाभ पोहोचविण्यासाठी होईल, तसा नाव वगळण्यासाठीही होऊ शकेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. परंतु कोरकू मातेला तिच्या भाषेत समजावून न सांगता घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

निष्कर्ष

‘कोवळी पानगळ’ने मोजणीतील असत्य उघड केले, हे तिचे ऐतिहासिक कार्य होय. अधिक मोजणीतून आपोआप अधिक सेवा घडेल, हा निष्कर्ष मात्र त्यातून काढता येत नाही. तिन्ही नोंदवह्यांचा मेळ प्रथम गावपातळीवर, दर महिन्याला, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका व ग्रामसभा यांच्या समक्ष घातला जावा. खरी नोंद करणाऱ्यास संरक्षण असावे. आणि माहिती ज्यांची, त्यांना ती त्यांच्या भाषेत परत मिळावी. वलगावपासून धारणीपर्यंतच्या महाविद्यालयांतील समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांना अशा पडताळणीत सहभागी होता येईल. दशसूत्रीत जे एकत्र होते, ते नोंदींत एकत्र आणणे हे काम यंत्राइतकेच माणसांचेही आहे.