वाचकाचे पत्र : आस्वाद आणि समीक्षा यांच्यामधली जागा

मराठी समीक्षेत 'वैयक्तिक प्रतिक्रिया' हा शब्दप्रयोग बहुधा उणेपणा दाखवण्यासाठी केला जातो. एखाद्या लेखात विश्लेषण नाही, नुसती आवडनिवड आहे, असे सौम्यपणे सांगायचे असले की तो वापरावा, असा जणू संकेतच आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथानंतर हा संकेत अधिक दृढ झाला. कलाकृतीच्या घटकांमध्ये संवाद, विरोध आणि समतोल यांचे जे संबंध असतात त्यांच्याकडे समीक्षकाने पाहावे, वाचकाच्या मनात काय उचंबळून आले याकडे नव्हे, असा त्या विचाराचा रोख होता. विद्यापीठीय समीक्षेने तो स्वीकारला, आणि कधीकधी मर्ढेकरांहूनही अधिक कर्मठपणे स्वीकारला. त्यामुळे भावविवशतेला आळा बसला, हे खरेच. परंतु एक प्रश्न मात्र बाजूला पडला. एकच पुस्तक वाचलेली दोन माणसे आपापले वाचन एकमेकांना सांगतात, तेव्हा जे घडते त्याला कोणते नाव द्यावे?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांच्या पत्रव्यवहाराइतके चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. जीए (१९२३–१९८७) धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करीत. कन्नडभाषक नगरात राहून मराठीत लिहिणारा, सभासंमेलनांपासून कटाक्षाने दूर असलेला हा लेखक वाङ्मयीन गप्पांच्या सुखाला सहजच पारखा झाला असता. पत्रांनी ते सुख त्यांना मिळवून दिले. सुनीताबाईंना त्यांनी लिहिलेली पत्रे 'जी. एं.ची निवडक पत्रे' या मालेत आली. सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे संवाद एक आणि ग्रंथ दोन. बहुतेक वाचकांनी त्यांतला एकच हाती घेतलेला असतो, आणि अर्ध्या संवादावरून दोन्ही व्यक्तींबद्दल मते बनवलेली असतात.

पत्रातली प्रतिक्रिया परीक्षणाहून कोठे वेगळी पडते, हे नीट पाहिले पाहिजे. समोरच्याने पुस्तक वाचलेले नाही असे परीक्षणकर्ता गृहीत धरतो. म्हणून त्याला कथानक सांगावे लागते, लेखकाचा परिचय करून द्यावा लागतो आणि शेवटी शिफारस करावी लागते. पुस्तक ज्याने वाचले आहे किंवा जो ते वाचणारच आहे, अशा माणसाला लिहिणारा या साऱ्यातून मोकळा होतो. जेथे मन अडखळले तेथूनच तो आरंभ करू शकतो. मात्र या मोकळिकीची किंमत त्याला मोजावी लागते. 'मला आवडले' एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. काय आवडले आणि कोणत्या पानावर, असा प्रश्न उलट टपालाने येईल ही जाणीव वाक्यावाक्याला असते. उत्तर देऊ शकणारा वाचक समोर असणे हेच येथले अनुशासन आहे. छापील समीक्षेला ते पुष्कळदा लाभत नाही.

'वैयक्तिक' या शब्दाचा गुंता आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखला होता. अभिनवगुप्तांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली, त्यांत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका व्यापला जातो की काव्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तथापि त्याच अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीसाठी हृदयसंवाद आवश्यक मानला, आणि काव्याच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे त्याला सहृदय म्हटले. हृदय तर हवेच, पण ते स्वतःतच गुरफटलेले नको. चांगल्या वाचनपत्रात नेमकी हीच तारेवरची कसरत असते. आपले दुःख पुस्तकापाशी नेणे आणि पुस्तकाला आपल्या दुःखाचे निमित्त बनवणे यांत अंतर आहे. ते अंतर लिहिणाऱ्याच्या ध्यानी आले नाही, तरी पत्र वाचणाऱ्याच्या ध्यानी सहसा येते.

जीएंच्या बाबतीत प्रतिक्रिया पत्रापुरती थांबली नाही. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची त्रयी त्यांनी 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणली. आवडलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावे ही वाचकाची साधी ऊर्मी येथे तीन कादंबऱ्यांच्या अनुवादाएवढे कष्ट घेते. सर्व्हान्टिसच्या डॉन क्विक्झोटला त्यांनी 'यात्रिक' या कथेत नव्याने वाटेला लावले. त्या कथेला वाचकाचा अभिप्राय म्हणणे कोणाला धाडसाचे वाटेल. परंतु मूळ कादंबरी कशी वाचली गेली हे ती एखाद्या प्रबंधापेक्षा अधिक निःसंदिग्धपणे सांगते. सुनीताबाईंचा मार्ग वेगळा होता. पु. ल. देशपांडे यांच्यासह त्यांनी बा. भ. बोरकर, मर्ढेकर आणि आरती प्रभू यांच्या कवितांचे जाहीर वाचन केले. कविता मोठ्याने वाचताना कोठे थांबायचे आणि कोणत्या शब्दावर भार द्यायचा, हा प्रत्येक निर्णय अर्थनिर्णयच असतो. स्वतःला मर्ढेकरांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी निषिद्ध मानलेली 'वैयक्तिक प्रतिक्रिया' अशा रीतीने मर्ढेकरांच्याच कवितेला श्रोते मिळवून देत होती, यात थोडी गंमत आहे.

या प्रकाराच्या मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. एकमेकांविषयी आदर असलेल्यांच्या संवादात मतभेदाची धार बोथट होण्याचा संभव असतो. समान अभिरुचीची माणसेच एकत्र येतात, आणि मग ती अभिरुची तपासली जात नाही. नगरवाचनालयांच्या आश्रयाने भरणाऱ्या चर्चामंडळांतही हे दिसते : एकाने पुस्तक वाखाणले की इतर त्यात भर घालतात, आणि ज्याला ते पटलेले नाही तो चहा येईपर्यंत गप्प बसतो. शिवाय प्रकाशित पत्रे ही निवडलेली असतात. काय वगळले गेले, हे वाचकाला कळत नाही. जीएंच्या तीव्र आवडीनिवडींना पत्रात जो एक संदर्भ आणि एक सूर असतो, तो अवतरण म्हणून उचललेल्या वाक्याला उरत नाही. असे वाक्य साहित्यिक निर्णय म्हणून पुढे करणे लिहिणाऱ्यावर अन्याय करणारे ठरते.

तरीही विद्यार्थ्यांचा या पत्रांकडे जाण्याचा मार्ग बदलायला हवा. आज ती वाचली जातात ती मुख्यतः जीएंच्या कथांची किल्ली शोधण्यासाठी, किंवा व्यक्तिगत आयुष्याचा तपशील मिळवण्यासाठी. एक मुरलेला वाचक दुसऱ्या मुरलेल्या वाचकाशी कसा बोलतो, हे पाहण्यासाठी ती क्वचितच उघडली जातात. ग्रंथालयाचे वर्गीकरणही याला हातभार लावते. समीक्षेचे कपाट वेगळे, पत्रवाङ्मयाचे वेगळे. आणि अभ्यासक्रमाची यादी हातात घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्या कपाटापाशीच थांबतो.