मैना गावावर काय करत होती?

(‘पगार, पैसा आणि गाणी’ या विषयावर लोणावळ्यात झालेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)

 

कॉलेजात असताना मी इथल्याच एका हॉटेलात काम करायचो. दोन सीझन झाले तरी पगार तोच. शेवटी धीर केला आणि म्हणालो, ‘शेठ, थोडे वाढवा की.’ शेठ म्हणाले, ‘सीझन उतरू दे, मग बघू.’ सीझन उतरला आणि शेठनी मलाही उतरवलं. (हशा) त्या रात्री भांडी घासताना आम्ही पोरं गाणी म्हणत होतो. सगळी प्रेमाची. पगाराचं एकही नाही. माणूस ज्याच्यासाठी दिवसभर राबतो, ते गाण्यात का मागत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आपली माणसं मागत नाहीत, असं मुळीच नाही. खाली बोरघाटात रेल्वेचं काम 1856 ला सुरू झालं, 1863 ला गाडी वर आली. मधे 1859 साली मजुरी थकली म्हणून मजुरांनी घाटात दंगा केला होता. म्हणजे मागणी आहेच. गाण्यात ती वेष पालटून येते, एवढंच. तो वेष ओळखणं हे समीक्षेचं काम.

पहिला वेष जात्यावरच्या ओवीचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 नंतर आपल्या मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून हा संग्रह लाखाच्या वर गेला. त्यातल्या दळणाच्या ओव्या ऐका. बाई घामाने भिजलीय आणि सांगतेय काय, तर हे बळ आईच्या दुधाचं. आपण याला मातृप्रेम म्हणतो आणि पुढे जातो. मला तो हिशेब वाटतो. या कामाला मजुरी नाही, मालक कोण तेही सांगता येत नाही. मग ती निदान भांडवल कुणाचं लागलं ते तरी नोंदवून ठेवते. सासरच्या पिठात माहेरचं बळ खर्ची पडलंय, हे ती रोज पहाटे जात्याला ऐकवते.

दुसरा वेष अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचा. गरिबीपायी नवरा मुंबईला निघालाय. मैनेला तो दागिन्यांचा शब्द देऊन जातो आणि मुंबईत बेकारांच्या गर्दीत मिसळतो. गाण्यातली ती दागिन्यांची यादी म्हणजे न मिळालेल्या पगाराची पावतीच आहे. लालबावटा कलापथकाच्या या शाहिराला मागणी कशी करायची ते शिकवायला नको होतं. तरी त्याने ती विरहातून मांडली, म्हणून ती काळजाला लागली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच मैना बेळगाव-कारवार झाली. रचना म्हणून ही झेप मोठी आहे, यात वाद नाही. पण त्या झेपेत रिकामा खिसा मागे पडला, हेही म्हटलं पाहिजे. आणि मैना स्वतः अख्ख्या गाण्यात बोलत नाही.

मग मैना गावावर काय करत होती? दळत होती, मंडळी! आपल्या मावळातनं किती पुरुष मुंबईला डबे पोचवायला गेले. त्यांच्या बायका इथे भात लावत होत्या, पहाटे जात्यावर बसत होत्या. छक्कड आणि ओवी आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो, एक शाहिरी आणि दुसरी लोकसाहित्य. माझं म्हणणं असं की ते एकाच घरातलं सवाल-जवाब आहे. एकत्र ऐकल्याशिवाय घराचा हिशेब पुरा होत नाही.

आता आजचं. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतीला परवानगी दिली आणि गाडामालकांच्या गाण्यांना ऊत आला. मी ती आवडीने ऐकतो. ठेका असा की पाय थांबत नाहीत. शिवाय बैलावरची माया खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण त्यातला पैसा बघा. तो उधळला जातो, मिरवला जातो. कमावला कुठे जातो ते गाणं सांगत नाही. कारण तो बऱ्याचदा घामाचा नसतो, गुंठ्यांचा असतो. जमीन एकदाच विकता येते. तिथे कंपनी किंवा बंगला उभा राहतो आणि त्याच गावचा पोरगा गेटवर बारा तासांची ड्यूटी करतो, ठेकेदाराकडून पगार घेतो. मोबाईलवर गाणं मात्र गाडामालकाचं. ओवीत निदान घाम कुणाचा ते कळत होतं. इथे तेही पुसलं गेलंय.

त्या पोराचं गाणं अजून यायचंय. ते घोषणेसारखं नसलं तरी चालेल. त्याच्या आजीने जात्याशी जेवढं खरं बोललं, तेवढं खरं तो गेटवर रात्री स्वतःशी बोलला, तरी पुष्कळ झालं.

शेठना आता विचारायला जाणार नाही, सीझन कधीच उतरला. (हशा) पण घरी आजी असेल तर तिला आज एक ओवी म्हणायला सांगा. आणि ती म्हणत असताना ‘वा, किती गोड’ म्हणू नका. हिशेब ऐका.