नकाशा कुठल्या भाषेत परत येणार? : कोसंबी, जुन्नर आणि विज्ञानप्रसार

जुन्नरच्या संदर्भात दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला आठवतात ते इतिहासकार म्हणून. नाणेघाट, लेणी, जुने व्यापारी मार्ग. पण गव्हाच्या किंवा भाताच्या जनुकांचा नकाशा करणारा संशोधक त्यांना वेगळ्याच कारणाने ओळखतो. त्याच्या संगणकात ‘कोसंबी’ नावाचा एक पर्याय असतो. हे दोन कोसंबी शेजारी ठेवून मला आज त्यांच्या विज्ञानप्रसाराची थोडी चिकित्सा करायची आहे.

आधी सूत्र बघू. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं जितकी लांब, तितकी पुढच्या पिढीत त्यांची ताटातूट जास्त. समजा, शंभरात वीस वेळा ताटातूट दिसली. मग अंतर वीस म्हणायचं का? नाही. मधे दोनदा अदलाबदल झाली तर जोडी पुन्हा जुळते, आणि ताटातूट दिसतच नाही. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली. त्या हिशेबाने अंतर येतं २५.५ सेंटिमॉर्गन. पण प्रत्यक्षात बहुतेकदा एका जागी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. कोसंबींनी ते धरलं, आणि अंतर आलं २१.२. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या माणसाचा, १९४०च्या दशकातला हा अवघा चार पानांचा निबंध!

यातलं तत्त्व साधं आहे. सोयीचं गृहीतक आणि वस्तुस्थिती जुळेना, तर गृहीतक बदलायचं. इतिहासातही त्यांनी हेच केलं. जुन्नरच्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. केवळ पोथ्या वाचणाऱ्याला लेण्यात वैराग्य दिसेल. शिलालेख वाचून घाट चढणाऱ्याला धान्य, बाजार आणि बैलांचे तांडेही दिसतात. कोसंबींनी इतिहासाला पोथीतून उठवून रानात चालायला लावलं.

आता चिकित्सा. कोसंबी लोकांपुढे बोलत नव्हते असं नाही. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबापुढे त्यांनी अणुऊर्जेची चिकित्सा केली. भारताला सूर्य परवडेल, हे ते आग्रहाने मांडत. पण लिहिलं मुख्यतः इंग्रजीत. आंतरराष्ट्रीय वादासाठी ते आवश्यक होतं, असं कोणी म्हणेल. मान्य. तरी त्यांचे वडील धर्मानंद बौद्ध विद्येसारखा अवघड विषय मराठीत आणत होते, हेही विसरता येत नाही. ज्या रानातून पुरावा घेतला, त्या रानाच्या भाषेत निष्कर्ष थेट परतला नाही. मला ही उणीव किरकोळ वाटत नाही.

कारण ती आजही आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला विज्ञान दिनाच्या सुमारास महादुर्बीण बघायला शाळकरी मुलांची झुंबड उडते. उत्तमच आहे. पण वनस्पतींच्या जनुकशास्त्राचा प्रसार अशा प्रदर्शनावर भागत नाही. दुर्बीण बघणाऱ्या मुलाचा स्वतःचा तारा नसतो. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात भात-नाचणी करणाऱ्या बाईचं बियाणं मात्र तिचं स्वतःचं असतं. कुठलं कणीस बियाण्याला ठेवायचं, हे तीही पारखूनच ठरवते. तिला श्रोता समजणं म्हणजे पुन्हा सोयीचं गृहीतक धरणं.

२००१च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येतं. पण नोंदणीला वाणाचं वेगळेपण दाखवावं लागतं, आणि ते दाखवण्याची परिभाषा आज विद्यापीठाकडे आहे. म्हणून विद्यापीठातल्या माणसाचं संशोधन आणि प्रसार ही दोन वेगळी खाती असूच शकत नाहीत. नमुना घेताना तिला विचारायचं, आणि नकाशा झाला की तिच्या अंगणात बसून, तिच्या भाषेत तो समजावायचा. ती ‘हे चुकलं’ म्हणाली तर ऐकून घ्यायचं.

तेव्हा तुमच्या गावात कोणी बियाण्याचा नमुना मागायला आलं, तर जरूर द्या. फक्त एक विचारा: साहेब, नकाशा कुठल्या भाषेत परत येणार?