अंतर्गत हिंदकळा : एका संज्ञेची चिकित्सा

मराठी वाचकास खारे सरोवर म्हटले की लोणार आठवते. परंतु आटत चाललेल्या, थरावर थर असलेल्या खाऱ्या जलाशयाचे ठळक उदाहरण म्हणजे मृत समुद्र होय. जॉर्डन नदीचे गोडे पाणी कमी झाल्याने त्याच्या वरच्या थराचे खारेपण वाढत गेले, थरांच्या घनतेतील अंतर मिटले आणि १९७८-७९ च्या हिवाळ्यात सर्व पाणी एकजीव झाले. आजही उन्हाळ्यात तेथे उबदार पाण्याचा थर वर साचतो. वाऱ्याने तो एका काठाकडे लोटला की थरांमधील सीमा तेथे खाली दबते व पलीकडे वर उचलली जाते. वारा पडताच ती आलटून पालटून झुलू लागते. घनतेतील फरक अल्प असल्याने ही झुलणी संथ व मोठी असते. पृष्ठभागावर मात्र तिची चाहूल क्वचितच लागते.

या व्यापारास मराठीत 'अंतर्गत स्थिर तरंग' म्हणावे काय? 'स्थिर' हे विशेषण पाण्याचे नव्हे, तर तरंगाकृतीच्या जागेचे आहे. नवख्या विद्यार्थ्यास मात्र त्यातून निश्चल पाण्याचा बोध होतो. 'अप्रगामी' हा शब्द निर्दोष खरा, पण तो तरंग काय करीत नाही एवढेच सांगतो.

शिरूर व दौंड तालुक्यांत, घोड-भीमेच्या काठी, घागर डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईस पाणी हिंदकळणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. भांड्याच्या दोन कडांमध्ये पाण्याने झुलणे हाच त्या क्रियापदाचा गाभा आहे. त्यापासूनचे 'हिंदकळा' हे नाम येथे योजण्यास प्रत्यवाय दिसत नाही.

शब्द घरगुती आहे, हा आक्षेप टिकणारा नाही. एकोणिसाव्या शतकात फोरेल याने जिनीव्हा सरोवरकाठच्या लोकांचा 'सेश' हा बोलीतील शब्दच शास्त्रात आणला; व्याख्येने तो काटेकोर झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ताणलेल्या तारेवरील तरंगास हिंदकळा म्हणता येणार नाही. म्हणून 'अप्रगामी तरंग' ही सामान्य संज्ञा राखावी आणि जलाशयातील विशेष प्रकारास 'हिंदकळा', थरांमधील प्रकारास 'अंतर्गत हिंदकळा' म्हणावे.

परिभाषेची कसोटी कोशातील स्थानावर नव्हे, तर विद्यार्थ्याच्या मनात उमटणाऱ्या चित्रावर ठरते. दौंडचा विद्यार्थी जे घरी जाणतो, ते वर्गात त्याला अनोळखी करून सांगणारी परिभाषा शास्त्राचे व भाषेचे, दोहोंचेही नुकसान करते.