ॲनालॉग सिंथेसायझरचे ध्वनिमुद्रण : यूएसबी की बाहेरचा कन्व्हर्टर?

ॲनालॉग सिंथेसायझर संगणकावर मुद्रित करू लागलात की एक मत वारंवार कानावर येईल : यूएसबीने घेतलेला आवाज ‘पातळ’ असतो आणि बाहेरच्या कन्व्हर्टरमधून घेतलेला ‘भरीव’. या टिपणात आपण हे मत तपासून पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. यूएसबीच्या केबलमधून ॲनालॉग आवाज जात नाही, आकडे जातात. म्हणजे रूपांतर दोन्ही मार्गांत होतेच. एकात कन्व्हर्टर वाद्याच्या पोटात असतो, दुसऱ्यात तो टेबलावरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये असतो. शिवाय यूएसबी आहे म्हणजे आवाज मिळेलच असेही नाही. कॉर्गच्या मिनिलॉगमध्ये त्यातून फक्त मिडी, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा ही माहिती जाते. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांच्या तबकडीसाठी वापरलेला ज्युपिटर-८ तर यूएसबीच्या कितीतरी आधीचा. तिथे निवडीचा प्रश्नच नाही.

खरी निवड एलेक्ट्रॉनच्या ॲनालॉग फोरसारख्या वाद्यात करावी लागते. त्यात सिंथचे चार ट्रॅक आहेत, पण पहिल्या आवृत्तीत आवाज बाहेर येतो तो डाव्या-उजव्या मुख्य आउटपुटांतूनच. २०१५ मध्ये आलेल्या ओव्हरब्रिज या सॉफ्टवेअरमुळे चारही ट्रॅक यूएसबीवरून एकाच वेळी वेगवेगळे मिळू लागले. बाहेरच्या कन्व्हर्टरने हेच साधायचे तर रचना एकापेक्षा अधिक वेळा वाजवावी लागते. माझ्या मते ही सोय ‘भरीवपणा’च्या चर्चेपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आता त्या भरीवपणाकडे वळू. २४ बिटची सैद्धांतिक मर्यादा सुमारे १४४ डेसिबल. चांगले कन्व्हर्टर प्रत्यक्षात ११० ते १२० पर्यंत पोहोचतात. ॲनालॉग सिंथची स्वतःची खरखर याच्या बरीच वर असते. म्हणून पातळपणाचा दोष कन्व्हर्टरवर टाकण्याआधी दोन्ही मुद्रणांची पातळी पाहा. एखाद्या डेसिबलने मोठा आवाजही कानाला भरीव वाटतो, आणि इंटरफेसच्या गेनच्या बटनाला हात लागला की तेवढा फरक सहज पडतो.

बहुतेक तुलना आणखी एका कारणाने फसतात. त्या दोन वेगळ्या वादनांची तुलना करतात. ॲनालॉग ऑसिलेटर दर वेळी त्याच बिंदूपासून सुरू होईलच असे नसते. तापमानाने त्याचा सूरही किंचित सरकतो. तेव्हा एकच वादन दोन्ही मार्गांनी एकाच वेळी मुद्रित करा, पातळी समान करा, एकाची ध्रुवता उलटवा आणि दोन्ही मिसळा. उरेल तो फरक.

मात्र इथेही सावध राहा. वाद्य आणि इंटरफेस यांची घड्याळे वेगळी असतात. त्यांत दशलक्षात २० इतका फरक धरला, तर ४८ किलोहर्ट्झला दहा मिनिटांत ५७६ नमुन्यांची, म्हणजे १२ मिलिसेकंदांची तफावत पडते. त्यामुळे उरलेला आवाज कन्व्हर्टरचा नसून घड्याळांचाही असू शकतो. त्यापेक्षा काही सेकंदांचे तुकडे घ्या आणि कोणता कुठला हे न सांगता मित्राला ऐकवा. हीच घड्याळे गाणे आणि सिंथ एकत्र मुद्रित करतानाही आडवी येतात. तिथे सगळे एकाच इंटरफेसमधून घेणे बरे.

आणि बाहेरचा कन्व्हर्टर वापरताना बारीक चिरचिर ऐकू आली, तर कन्व्हर्टर बदलायला धावू नका. अनेकदा मिडीसाठी जोडलेली यूएसबी केबल आणि आवाजाची केबल मिळून लॅपटॉपशी अर्थिंगचे वेटोळे तयार होते. यूएसबी काढा आणि मिडी जुन्या पाच पिनांच्या केबलने द्या. त्या जोडणीत संकेत प्रकाशाच्या रूपात पलीकडे जातो, त्यामुळे त्या वाटेने वेटोळे पुरे होत नाही.